जिम मॉरिसनची कबर, तिच्या शेजारच्या कबरी आणि चाहत्यांनी केलेले लिखाण

वाघूर (जळगाव)

ज्या गायकाच्या किंवा वादकाच्या संगीताने आपल्याला आयुष्यभर सोबत केली, त्याच्या समाधीचे दर्शन घ्यावे अशी ओढ अनेकांना असते आणि ती ओढ मला फार मोलाची वाटते. परंतु त्याच ओढीतून दगडावर, भिंतीवर आणि झाडाच्या खोडावर जे लिहिले जाते, कोरले जाते किंवा चिकटवले जाते, त्याविषयी मोकळेपणाने चर्चा व्हायला हवी. पॅरिसमध्ये मुलीकडे गेले असताना पेर लाशेझ ही दफनभूमी पाहण्याचा योग आला, आणि तेथून परतल्यापासून हा विषय मनातून जात नाही.

पेर लाशेझ ही दफनभूमी 1804 मध्ये सुरू झाली. सुमारे 44 हेक्टरांचा, म्हणजे शंभर एकरांहून अधिक विस्ताराचा, चढउताराचा आणि दाट झाडीचा हा परिसर आहे. प्रवेशासाठी शुल्क नाही. शोपँ, बिझे, एदित पियाफ अशी संगीतातील कितीतरी मोठी माणसे येथे विसावली आहेत. शोपँचे हृदय मात्र त्याच्या इच्छेनुसार वॉर्साला नेण्यात आले आणि तेथील होली क्रॉस चर्चमध्ये ठेवलेले आहे. तरीही गर्दी सर्वाधिक होते ती सहाव्या विभागात, झाडांच्या आणि मोठ्या कबरींच्या आडोशाला असलेल्या एका लहानशा कबरीपाशी, म्हणजे ‘द डोअर्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा गायक जिम मॉरिसन याच्या कबरीपाशी. 3 जुलै 1971 रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले तेव्हा त्याचे वय अवघे 27 वर्षांचे होते.

या कबरीचा इतिहास वाचला की चाहत्यांच्या प्रेमाच्या दोन्ही बाजू दिसतात. पहिली काही वर्षे तेथे धड शिळाही नव्हती. 1981 मध्ये, मृत्यूला दहा वर्षे झाली त्या निमित्ताने, म्लादेन मिकुलिन या क्रोएशियन शिल्पकाराने घडवलेला मॉरिसनचा अर्धपुतळा तेथे बसवण्यात आला. म्हणजे एका चाहत्या कलावंताने स्वतःच्या हातांनी केलेली ती भेट होती. थोड्याच काळात इतर चाहत्यांनी त्यावर रंगाने लिहिले, त्याचे तुकडे काढून नेले आणि 1988 मध्ये तो पुतळाच चोरीला गेला. मे 2025 मध्ये पॅरिसच्या पोलिसांना एका वेगळ्याच प्रकरणाचा तपास करताना तो सापडला, तेव्हाही त्याच्यावरचे लिखाण तसेच होते. 1990 नंतर कुटुंबीयांनी तेथे साधी शिळा बसवली आणि तिच्यावर ग्रीक भाषेतील एक ओळ कोरलेला धातूचा फलक लावला. आज तिच्याभोवती लोखंडी कठडे आहेत, त्यामुळे जवळ जाऊन हात जोडणेही शक्य होत नाही.

मला सर्वाधिक त्रास झाला तो मात्र मॉरिसनच्या कबरीमुळे नव्हे. त्याच्या शेजारी ज्यांच्या कबरी आहेत, त्या पॅरिसमधील सामान्य घराण्यांच्या आहेत. तेथील पद्धतीप्रमाणे कबरीची जागा कुटुंब ठरावीक वर्षांसाठी किंवा कायमस्वरूपी घेते, आणि तिची निगा राखण्याची जबाबदारी त्या कुटुंबाची असते. त्या घराण्यांचा मॉरिसनशी काहीही संबंध नव्हता. तरीही वर्षानुवर्षे त्यांच्या आजी-आजोबांच्या थडग्यांवर ‘जिम इकडे’ असे लिहून बाण काढले गेले, गीतांच्या ओळी रंगवल्या गेल्या आणि त्या थडग्यांवर बसून रात्री जागवल्या गेल्या. पुष्कळशी साफसफाई झाली आहे हे खरे, पण टोकदार वस्तूने कोरलेली अक्षरे जवळून पाहिली तर अजूनही वाचता येतात. जवळच्या एका झाडाच्या खोडाला तर चाहते चघळलेला च्युइंग गम चिकटवू लागले, तेव्हा त्या खोडाभोवती बांबूची चटई गुंडाळावी लागली.

गायकावरच्या प्रेमापोटी तिसऱ्याच कुणाच्या पितरांच्या दगडावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, हा माझा प्रश्न आहे. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, खानदेशातील प्रत्येक घर पितरांसाठी घागर भरते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला समजायला कठीण जाऊ नये असे मला वाटते. आपले अनुभव आणि मते जरूर लिहावीत.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, विषय महत्त्वाचा आहे. कबरीचा नसला तरी याच स्वरूपाचा एक प्रकार आपल्या दारात आहे, म्हणून लिहितो.

अजिंठ्याच्या लेणी क्रमांक 10 मध्ये 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने खांबावरील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेण्यात त्या वेळी मातीचा आणि दगडांचा थर साचलेला होता आणि त्या ढिगावर उभे राहून त्याने ते कोरले, म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्याही वर दिसते. वाटाडे हौसेने ते दाखवतात आणि पर्यटक मान वर करून ते शोधतात. ज्या चित्रावर ते कोरले आहे त्याच्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. ते चित्र त्या अधिकाऱ्याच्या आधी दीड-दोन हजार वर्षे तेथे असलेल्या परंपरेचा भाग आहे.

अजिंठ्याची चित्रे दगडावर थेट काढलेली नाहीत. खडकाच्या खडबडीत पृष्ठभागावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला गिलावा देऊन, त्यावर चुन्याचा पातळ थर चढवून मग रंग भरले आहेत. अशा गिलाव्यावर चाकूने ओढलेली रेघ कोणत्याही उपायाने पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे ‘त्या काळी लोकांना कळत नव्हते’ असे म्हणून तो विषय मिटवणे मला पटत नाही. त्याच्यानंतर आलेल्या कित्येकांनी त्याचाच कित्ता गिरवला आणि त्यांच्या नावांना तर इतिहास म्हणूनही कुणी विचारत नाही.


गोमाई (शहादा)

सर्वांचे म्हणणे वाचले. मी स्वतः रॉक संगीत ऐकत वाढलो आहे आणि आमच्यासारख्यांची बाजूही येथे मांडली जावी असे वाटते, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो आहे.

शहाद्यासारख्या गावात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला परदेशातील एका दिवंगत गायकाचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो, तेव्हा त्याच्या आजूबाजूला त्याविषयी बोलायला कुणीही नसते. तो मुलगा पुढे मोठा होऊन, पैसे साठवून त्या कबरीपर्यंत पोहोचतो तेव्हा ‘मी येथवर आलो होतो’ हे कुठेतरी नोंदवावे असे त्याला मनापासून वाटते. ती विध्वंसाची इच्छा नसते. शेजारच्या कबरींवर लिहिणे चूक आहे हे मी मान्य करतो, त्याविषयी माझा वाद नाही. पण लिहिणाऱ्या प्रत्येकाला गुंड ठरवू नये एवढीच विनंती आहे.

शिवाय असे लिखाण जगात काही ठिकाणी स्वीकारलेलेही आहे. मेम्फिसमध्ये एल्विस प्रेस्लीच्या ग्रेसलँड या निवासस्थानाची दगडी कुंपणभिंत चाहत्यांच्या नावांनी भरलेली आहे. ‘बीटल्स’ या वाद्यवृंदाने जेथे गाणी ध्वनिमुद्रित केली, त्या लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओबाहेरच्या भिंतीवर रोज लोक लिहितात. प्रागमधील लेनन भिंत तर 1980 मध्ये त्याच वाद्यवृंदातल्या जॉन लेननच्या हत्येनंतर तरुणांनी रंगवायला सुरुवात केली, आणि त्या काळच्या कम्युनिस्ट राजवटीत ती मोकळेपणाने बोलण्याची जागा ठरली. तेथे कुणी लिहिले नसते तर ती केवळ एक मळकी भिंत राहिली असती.


वाघूर (जळगाव)

गोमाई भाऊ, तुम्ही जे लिहिले आहे ते मी पूर्ण आदराने वाचले. त्या मुलाची भावना मला समजते आणि तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

तरीही तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणे भिंतींची आहेत, त्यांपैकी एकही कबर नाही, आणि हा फरक माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. ॲबी रोडची भिंत ठरावीक काळाने पांढऱ्या रंगाने पुन्हा रंगवली जाते, म्हणजे तिच्या मालकाने चाहत्यांच्या लिखाणासाठी ती जणू पाटीसारखी मोकळी ठेवली आहे. ग्रेसलँडच्या भिंतीवर लिहू दिले जाते, पण आत असलेल्या एल्विसच्या कबरीवर कुणाला लिहू दिले जात नाही. प्रागच्या भिंतीवरही पुढे इतका रंग उडवला जाऊ लागला आणि आजूबाजूच्या लोकांना इतका उपद्रव होऊ लागला की 2019 मध्ये तेथे रंगाचे फवारे वापरण्यास मनाई करावी लागली. ती भिंत माल्टाचा सरदारसंघ या जुन्या कॅथलिक धार्मिक संघटनेच्या मालकीची आहे आणि त्यांनी इतकी वर्षे ती लोकांना वापरू दिली, हे त्यांचे औदार्य आहे.

ज्याची वस्तू आहे त्याने होकार दिला असेल आणि ती वस्तू पुन्हा पहिल्यासारखी करता येत असेल, तर लिहिण्याला माझी हरकत नाही. मॉरिसनच्या शेजारच्या घराण्यांना कुणी विचारले होते?


पांझरा (धुळे)

इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून दगडाच्या बाजूने काही लिहितो. दगडावरचा रंग पुसून टाकला की झाले, असा सर्वसाधारण समज असतो आणि तोच अनेक चुकीच्या गोष्टींचे मूळ आहे.

पॅरिसच्या जुन्या बांधकामांत आणि कबरींमध्ये चुनखडीचा दगड मोठ्या प्रमाणावर आहे. हा दगड सच्छिद्र असतो. फवाऱ्याचा रंग किंवा मार्करची शाई त्याच्या छिद्रांत शिरते आणि वरून द्रावक ओतले तर रंग पातळ होऊन आणखी आत जातो. आम्ल वापरले तर चुनखडीच विरघळते. वाळूचा किंवा पाण्याचा जोरदार मारा केला तर रंगाबरोबर दगडाचा वरचा, हवापाण्याने घट्ट झालेला थर निघून जातो, आणि उघडा पडलेला मऊ भाग पुढच्या पावसाळ्यात आणि थंडीत अधिक वेगाने झिजतो. म्हणून जाणकार लोक कागदाचा लगदा किंवा विशिष्ट माती द्रावकात भिजवून तिचा लेप देतात, जेणेकरून सुकताना तो रंग बाहेर ओढून घेईल. हे काम अत्यंत सावकाश चालते आणि खर्चिक असते. कोरलेल्या अक्षरांवर तर कोणताही लेप चालत नाही, कारण तेथे दगडच निघून गेलेला असतो.

याच दफनभूमीत ऑस्कर वाइल्ड या लेखकाची कबर आहे. जेकब एपस्टाईन या शिल्पकाराने डर्बीशायरमधील हॉप्टन वुड नावाच्या चुनखडीच्या एका प्रचंड शिळेतून ती घडवली. ओठांना लिपस्टिक लावून त्या दगडाचे चुंबन घेण्याची प्रथा 1990 च्या दशकाच्या अखेरीस पडली. लिपस्टिकमध्ये मेण, तेल आणि रंगद्रव्य असते. तेल दगडात मुरते, आणि प्रत्येक वेळी ते काढताना दगड झिजत गेला. शेवटी 2011 मध्ये आयर्लंड सरकारच्या खर्चाने कबर स्वच्छ करण्यात आली आणि तिच्याभोवती काचेची भिंत उभारण्यात आली. हजारो माणसांपैकी प्रत्येकाने केवळ एकदाच चुंबन घेतले असेल, आणि एकट्याच्या चुंबनाने दगडाला काहीही झाले नसते हेही खरे आहे. कबरीवरच्या लिखाणाचा विचार करताना ‘मी एकट्याने लिहिले तर काय बिघडते’ हा युक्तिवाद याच ठिकाणी कोसळतो.

आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, चुनखडीपेक्षा पुष्कळ कठीण आहे. परंतु हेमाडपंती मंदिरांवर ऑइलपेंट फासलेला आपण सर्वत्र पाहतो, आणि तो काढताना नक्षीच्या कडा बोथट होतात, हे मी स्वतः कामावर अनुभवले आहे.


बोरीकाठ (अमळनेर)

मोहम्मद रफींच्या कबरीविषयी येथे लिहावेसे वाटते, कारण त्या ठिकाणी नेमकी उलटी स्थिती आहे.

31 जुलै 1980 रोजी रफीसाहेब गेले आणि मुंबईत सांताक्रूझच्या जुहू कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. पुढे जागा अपुरी पडू लागल्याने 2010 मध्ये तेथील अनेक कबरींचे बांधकाम काढून टाकण्यात आले. त्यांत रफींबरोबर मधुबाला, नौशाद, तलत महमूद यांच्याही कबरी होत्या. नव्या दफनांसाठी त्याच मातीचा वापर व्हावा, हा तेथील व्यवस्थेचा भाग आहे. आज रफींचे चाहते जवळच्या नारळाच्या झाडाच्या खुणेवरून ती जागा ओळखतात आणि 24 डिसेंबरला जन्मदिनी व 31 जुलैला पुण्यतिथीला तेथे जाऊन फुले वाहतात.

त्या बातमीने त्या वेळी मला फार वाईट वाटले होते आणि आजही वाटते. एवढ्या मोठ्या गायकाच्या नावाची शिळा राहायला हवी होती, हे माझे मत कायम आहे. पण तेथे लिहायला दगडच उरलेला नाही, आणि तरीही लोक जातात, उभे राहतात, प्रार्थना करतात आणि परत येतात. म्हणजे आपण आलो होतो हे नोंदवल्याशिवाय दर्शन अपुरे राहते असे म्हणता येणार नाही.


गोमाई (शहादा)

रफींचे उदाहरण मनाला भिडले. मात्र एक गोष्ट नम्रपणे सांगतो. रफींच्या चाहत्यांना फुले वाहणे, फातेहा पढणे किंवा हात जोडणे या कृती परंपरेने मिळालेल्या आहेत. रॉक संगीताच्या चाहत्याकडे अशी कोणतीही ठरलेली कृती नाही. तो कबरीपाशी पोहोचतो आणि काय करावे हे त्याला कळत नाही, म्हणून तो खिशातले पेन काढतो. त्याला दुसरे काहीतरी करायला मिळाले तर तो लिहिणार नाही, असे मला वाटते.


वाघूर (जळगाव)

भाऊ, हे तुम्ही अगदी नेमके सांगितले आणि ते मला पूर्णपणे पटले. केवळ ‘लिहू नका’ असा फलक लावून हा प्रश्न सुटणार नाही, हे मी तेथेही पाहिले आहे. फलकावरही लिहिलेले असते.

पॅरिसमध्येच मोंपार्नास दफनभूमीत सर्ज गेन्सबूर या फ्रेंच गायकाची कबर आहे. तेथे लोक मेट्रोची वापरलेली तिकिटे, फुले, लहानशा चिठ्ठ्या ठेवून जातात. तिकिटावर तारीख असते, कुणी मागच्या बाजूला दोन ओळी लिहितो, आणि वारा-पाऊस आला की ते सारे आपोआप नाहीसे होते किंवा तेथील कर्मचारी उचलून नेतात. त्याच गायकाच्या वर्नय रस्त्यावरच्या घराची बाहेरची भिंत मात्र रंगीत लिखाणाने भरलेली आहे, आणि आता ते घर संग्रहालय म्हणून पाहायला मिळते. म्हणजे चाहत्यांनी लिहिण्याची जागा आणि मौनाची जागा या दोन वेगळ्या ठेवल्या आहेत. ही विभागणी कुणी आखून दिली की आपोआप झाली, याला महत्त्व नाही. ती टिकून आहे याचा मला आनंद वाटतो.


पांझरा (धुळे)

कागद आणि तिकिटांविषयी एक सावधगिरी सुचवतो. ओला कागद दगडावर दिवसेंदिवस राहिला तर त्यातला रंग दगडावर उतरतो आणि मेणबत्तीचे मेण चुनखडीत मुरते. फुले सर्वांत निरुपद्रवी, परंतु ती प्लॅस्टिकच्या वेष्टनातून काढून ठेवावीत. तेलाचा दिवा दगडावर थेट ठेवू नये. आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगावे लागते.


तापीतीर (भुसावळ)

मिरजेचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहितो. संगीताच्या नात्याने कबरीपाशी काय करता येते, याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ हे उत्तर प्रदेशातील कैराना गावचे, पण मिरज ही त्यांची कर्मभूमी झाली. 1937 मध्ये दक्षिणेच्या प्रवासात असताना मद्रासजवळच्या एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेत आणून हजरत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. उरुसाच्या वेळी दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि देशभरातील गायक-वादक तेथे हजेरी लावतात. ती हजेरी सेवा म्हणून असते. ज्यांना गाता येत नाही ते ऐकतात, रात्रभर बसतात. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच शिष्यपरंपरा आणि मुले. त्यामुळे तेथे बसून किराणा घराण्याची गायकी ऐकताना कुणाची आठवण काढतो आहोत हे वेगळे सांगावे लागत नाही.

मी भुसावळहून गाडीने मिरजेला गेलो होतो. सभेच्या वेळी दर्ग्यात सर्व जातीधर्मांचे लोक मांडीला मांडी लावून बसलेले असतात. गोमाई भाऊंनी विचारले आहे की चाहत्याने काय करावे. माझे उत्तर असे आहे की त्याने त्या गायकाचे काहीतरी हळू आवाजात म्हणावे किंवा उभे राहून ऐकावे. त्यासाठी परंपरा लागत नाही. मिरजेची प्रथाही कधीतरी कुणीतरी सुरू केलीच होती.

ग्वाल्हेरला तानसेनच्या कबरीशेजारी चिंचेचे झाड आहे आणि त्याची पाने खाल्ली की गळा गोड होतो अशी श्रद्धा आहे. गायक पिढ्यान्‌पिढ्या ती पाने तोडत आले. मूळ झाड आता राहिलेले नाही, आज दिसते ते नंतरचे आहे. तेव्हा भक्ती कितीही निर्मळ असली तरी तिचा भार झाडाला आणि दगडाला सोसावा लागतो, हे परदेशातील चाहत्यांनाच लागू आहे असे समजू नये.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

तापीतीर नाना, फार चांगली माहिती दिलीत.

कायद्याची बाजूही येथे नोंदवून ठेवतो. 1958 च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली, आणि आता संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अजिंठा, पितळखोरे ही आपल्या परिसरातील लेणी या कायद्याखाली येतात. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला फारुकी राजांचे मकबरे आहेत. या राजांनी खानदेशावर सुमारे दोनशे वर्षे राज्य केले, पण आज त्यांच्या कबरींची चौकशी करायला त्यांच्या घराण्यातले कुणी येत नाही. अशा कबरींची काळजी गावकऱ्यांनी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनीच घ्यायची असते. फ्रान्समध्येही कबरीची विटंबना हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा आणि 15,000 युरोंपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे. परंतु आपल्या किंवा त्यांच्या कायद्याने हा प्रश्न कितपत आटोक्यात आला, हे ताईंनी सांगितलेच आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलात तर थोर गणितज्ञ भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापन केलेल्या मठाविषयीचा शके 1128 चा शिलालेख पाहावा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो मठ होता, आणि त्या मठासाठी कुणी काय दिले ते शिलालेखात लिहून ठेवले आहे. दगडावर कोरून ठेवण्याजोगे त्या माणसांना काय वाटले, हे पाहण्यासारखे आहे. आजोबांच्या विद्येची सोय आणि गावाने केलेले दान, एवढेच. मॉरिसनच्या शेजारच्या थडग्यावर नखाएवढ्या जागेत आपले नाव बसवणाऱ्याला हे दाखवावेसे वाटते, आणि तेही रागाने नव्हे.


गोमाई (शहादा)

या चर्चेने माझे मत बरेच बदलले, हे मोकळेपणाने सांगतो. तरी एक मुद्दा सोडत नाही. मॉरिसनच्या कबरीपाशी जर दफनभूमीच्या व्यवस्थापनाने अभिप्रायाची वही ठेवली, किंवा प्रवेशद्वाराजवळ लिहिण्यासाठी एखादी फळी उभारली, तर शेजारच्या कबरींवरचा भार हलका होईल. आपल्याकडे संग्रहालयात, दवाखान्यात अभिप्रायवही असते आणि लोक तीत भरभरून लिहितात. कबरीपाशी आलेल्या माणसाला लिहायचेच असेल तर त्याला कागद द्यावा.


वाघूर (जळगाव)

वहीची कल्पना मला मनापासून आवडली. मात्र ती दफनभूमीच्या आत नसावी, दाराशी असावी असे सुचवीन. आत इतर घरांतली माणसे आपल्या जिवलगांना भेटायला आलेली असतात. मी त्या विभागात उभी असताना एक वयस्क बाई जवळच्याच एका कबरीवरची वाळलेली पाने हाताने झाडत होत्या आणि त्यांच्या भोवती मोबाईल उंचावून तरुणांचा घोळका उभा होता. त्यांना कुणी वाटही देत नव्हते. लिखाणाइतकेच गर्दीचे वागणेही मनाला लागते. 1991 च्या विसाव्या पुण्यतिथीला तर तेथे इतकी गर्दी आणि हुल्लड झाली की पोलिसांना अश्रुधूर वापरावा लागला, आणि त्या दिवशी शेजारच्या कबरींचे काय झाले असेल याची कल्पना करवत नाही.


हतनूर (रावेर)

सगळी चर्चा वाचली. आम्ही काही मित्र येत्या हिवाळ्यात युरोपला जात आहोत आणि आमच्यात मॉरिसनचे दोन जुने चाहते आहेत. पेर लाशेझला जाताना काय लक्षात ठेवावे, कुणी सांगेल का?


वाघूर (जळगाव)

हतनूर भाऊ, सकाळी लवकर जावे. हिवाळ्यात दफनभूमी संध्याकाळी साडेपाचला बंद होते आणि उन्हाळ्यात सहाला, आणि बंद होण्याच्या आधी कर्मचारी सर्वांना बाहेर काढतात. मेट्रोने पेर लाशेझ, फिलिप ओग्युस्त किंवा गाँबेता या स्थानकांवर उतरता येते. गाँबेताकडून आत शिरलात तर उतारावरून खाली यावे लागते, त्यामुळे वयस्क मंडळी बरोबर असतील तर तो मार्ग बरा. रस्ते जुन्या दगडी फरशीचे आहेत आणि पावसात निसरडे होतात, म्हणून चांगल्या तळव्याचे बूट घालावेत. नकाशा घेतल्याशिवाय कबर सापडत नाही. मॉरिसन सहाव्या विभागात आहे, शोपँ अकराव्या विभागात, आणि त्या दोन्ही जागा एकमेकींपासून लांब नाहीत. तुमच्यापैकी ज्यांना शास्त्रीय संगीत आवडते त्यांनी शोपँकडेही जरूर जावे, तेथे नेहमी ताजी फुले असतात.

फुले बाहेरच्या दुकानांतून घ्यावीत आणि पांझरा भाऊंनी सांगितल्याप्रमाणे वेष्टन काढून ठेवावीत. कठड्याच्या आत जाऊ नये, शेजारच्या कबरींच्या कडांवर पाय देऊ नये किंवा छायाचित्रासाठी त्यांच्यावर चढू नये. गाणे ऐकायचे असेल तर कानात यंत्र घालून ऐकावे, मोठ्या आवाजात लावू नये. तुमच्या दोन चाहत्या मित्रांना काही लिहायचेच असेल तर त्यांनी परत आल्यावर येथे लिहावे. आम्ही सगळे वाचू.